अनोळखी लेन्स आणि दोन मेव्हण्या

गल्लीत त्याला सगळे जराहसा म्हणायचे. समोर रडकं बाळ असो की रिटायर होणारे साहेब, फोटो काढण्याआधी हा "जरा हसा" म्हणणारच. पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण सवय ती सवय. गिऱ्हाईक हसलं की हाच वर डाफरायचा, "अहो, हसताय काय? पासपोर्टचा आहे!"

स्टुडिओ म्हणजे एकच खोली. निळा पडदा, गोल स्टूल, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा आणि कोपऱ्यात संगणक. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात त्याला दुर्बुद्धी सुचली. जुना कॅमेरा आणि जुनी लेन्स देऊन टाकून त्याने नवा कॅमेरा आणला. त्यावर एक नवीकोरी रुंद लेन्सही आणली, आणि तीही अशा कंपनीची की नाव सांगायला दुकानदाराला खोका बघावा लागला.

"जुन्याला काय धाड भरली होती?" बायकोने विचारलं.

"तुला नाही कळायचं," तो म्हणाला. हे वाक्य त्याला पुढे फार महाग पडलं.

बायको तिघी बहिणींतली मधली. थोरली आणि धाकटी एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि तेही कशावरून, तर मिक्सरच्या भांड्याच्या झाकणावरून. धाकटीने भांडं मागून नेलं आणि परत आणून दिलं. थोरली म्हणाली, हे झाकण माझं नाही. धाकटी म्हणाली, हेच होतं. झालं! तेव्हापासून कित्येक वर्षं दोघींचा सगळा व्यवहार मधलीमार्फत. "तिला सांग" आणि "तिलाच विचार" ऐकून ऐकून बिचारीचे कान किटले होते.

सासूबाईंनी जावयाकडे कधी काही मागितलं नव्हतं. पंच्याहत्तरीच्या दिवशी मात्र त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

"जावईबापू, माझ्या मुली एका फोटोत दिसू देत. बोलत नाहीत तर नाहीत, भिंतीवर तरी एकत्र राहतील."

हे ऐकून जराहशाला भरून आलं. "असा फोटो काढतो, की बघतच राहाल," असं तो बोलून बसला.

खोली लहान, माणसं ढीगभर. मध्ये खुर्चीत सासूबाई, मागे मधली, दोन्ही बाजूंना जावई आणि नातवंडं. थोरली डाव्या टोकाला आणि धाकटी उजव्या टोकाला. मध्ये अख्खं घराणं असेल तरच उभी राहीन, अशी दोघींची अट होती. रुंद लेन्स होती म्हणून सगळे मावले. जराहसा मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत घरी आला.

संगणकावर फोटो उघडायला गेला, तर सॉफ्टवेअर म्हणालं, हा कॅमेरा ओळखता येत नाही. त्याने कंपनीला कळवलं. कंपनीचं उत्तर आलं, आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे. बऱ्याच दिवसांनी नवी आवृत्ती आली आणि फोटो एकदाचा उघडला. कॅमेरा ओळखला होता, पण लेन्सच्या रकान्यात लिहिलं होतं, "अनोळखी".

"अरे, अनोळखी काय? पावती आहे माझ्याकडे!" तो संगणकावर ओरडला.

प्रत्येक लेन्सला सरळ रेषा वाकवायची आपली एक खोड असते. सॉफ्टवेअरला ती ठाऊक असली की ते फोटो सरळ करून देतं. त्यासाठी त्याच्याकडे लेन्सची लांबलचक यादी होती. त्यात बनवणारे आणि वापरणारे दोघेही देवाघरी गेले अशा लेन्ससुद्धा होत्या, फक्त ह्याची नव्हती. त्यामुळे फोटोत दाराची चौकट पोट सुटल्यासारखी दिसत होती, आणि दोन टोकांच्या दोन मेव्हण्या कंसासारख्या वाकून सगळ्या घराण्याला आत घेऊन उभ्या होत्या.

मग त्याने यादीतली दुसरीच एक लेन्स निवडून पाहिली. दार सरळ झालं, पण मेव्हण्या कपाटाएवढ्या झाल्या. तिसरी लेन्स निवडली. मेव्हण्या सडपातळ झाल्या, पण मध्ये सासूबाई टम्म फुगल्या. इकडे आड, तिकडे विहीर! दुसरा कुणी असता तर कडा कापून मोकळा झाला असता. पण इथे ज्या दोघींसाठी फोटो काढला, त्यांतली एक ह्या कडेला आणि दुसरी त्या कडेला.

त्यात मधली रोज निरोप आणायची. "ताई म्हणते, जाड दिसत असेन तर भिंतीवर लागू देणार नाही. धाकटीही तेच म्हणते."

"एवढं एकमत आहे, तर भांडतात कशाला?" जराहसा वैतागून म्हणाला.

शेवटी त्याला एक पट्टी सापडली. ती सरकवली की फुगवटा डावीकडून उजवीकडे जायचा. फोटोतून जायचा मात्र नाही. जराहसा बराच वेळ पट्टी इकडून तिकडे सरकवत बसला आणि एकदम ताठ झाला. थोरलीला थोरली बारीक असलेला फोटो पाठवायचा, धाकटीला धाकटी बारीक असलेला. नाहीतरी दोघी बोलत नाहीत, मग कळणार कुणाला?

दोघी खूश झाल्या. आपण छान दिसतो आणि ती सुटलीय, हे वेगळं सांगायची कुणाला गरज पडली नाही.

पण करायला गेला एक आणि झालं भलतंच. दोघींनी आपापला फोटो मोठा करून चौकटीत बसवून घेतला, आणि तिच्याआधी आपला लागावा म्हणून दोघी एकाच सकाळी आईकडे येऊन थडकल्या. सासूबाईंनी खिळा ठोकायला जावयाला आधीच बोलावलं होतं. दोन्ही फोटो शेजारी शेजारी टेबलावर ठेवलेले बघून त्याची पाचावर धारण बसली.

थोरली धाकटीच्या फोटोवर वाकली. धाकटी थोरलीच्या.

"ही मी?"

"आणि ही मी?"

थोरलीने मान वळवून धाकटीला नखशिखांत न्याहाळलं. "तू काही एवढी जाड नाहीस."

"तूही नाहीस, ताई."

मधलीने तोंडाला पदर लावला. पण तो क्षण काही टिकला नाही, कारण दोघींच्या डोक्यात एकदमच उजेड पडला.

"भाऊजी!"

"लेन्स... सॉफ्टवेअरला ओळखता येत नाही, त्यामुळे..."

"सॉफ्टवेअरला नसेल. तुम्ही तर आम्हाला ओळखत होतात ना?" थोरली कडाडली.

"ताई, माझा हात बघ, उशी ठेवलीय नुसती!"

"आणि माझी मान बघ, कुठे गेली ती!"

एकीने श्वास घ्यायचा आणि दुसरीने तोंड सोडायचं, अशी दोघींनी त्याची खरडपट्टी काढली. काढता काढता त्या कधी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या, ते त्यांनाही कळलं नाही.

सासूबाईंनी हळूच विचारलं, "जावईबापू, कॅमेरा आणलाय ना?"

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. दोघी बरोबर मधोमध होत्या. "जरा हसा," तो सवयीने म्हणाला, आणि दोघी आणखीच भडकल्या. त्याने बटण दाबलं.

ह्या फोटोच्याही कडा वाकड्याच आल्या. त्याने दोन्ही बाजू सरळ कापून टाकल्या. मधे काहीच वाकडं नव्हतं. सॉफ्टवेअर लेन्सला अजून अनोळखीच म्हणतं, आणि दोघी बहिणी रोज फोनवर तासभर जराहशाला नावं ठेवतात. मधलीचे कान मात्र सुटले.

त्या आधीच्या दोन चौकटी कपाटामागे गेल्या. भिंतीवर फक्त हा फोटो आहे, तोंडं उघडी, बोटं रोखलेली, थोरलीचा हात धाकटीच्या खांद्यावर. पाहुणे दचकून विचारतात, "हे काय चाललंय फोटोत?"

"बोलतायत," सासूबाई म्हणतात.