अर्धा मीटर जास्तीचं कापड

कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की मला उल्हासनगरच्या कॅम्पातलं सिंधी टेलरचं दुकान आठवतं. नव्वदच्या दशकातला जून होता. माझी मुलगी नऊ वर्षांची, पण दिसायची सहाची. मूत्रपिंडं निकामी होत चालल्यानं तिची वाढच थांबली होती. तीन वर्षं तिचा युनिफॉर्म एकाच मापाचा शिवला, तोही खाली मुडप न ठेवता. मुंबईच्या डॉक्टरांनी वाढीचं इंजेक्शन सुरू केलं होतं आणि बजावलं होतं, "जूनअखेर उंची मोजू. फरक नसेल तर बंद करू." रोज संध्याकाळी मीच तिच्या मांडीत सुई टोचायचे. इंजेक्शनं शेजारणीच्या फ्रिजमध्ये असायची. "तुझ्या लेकीची उंची माझ्या कोथिंबिरीशेजारी ठेवलीय गं," ती म्हणायची. त्या दिवशी टेलरनं माप घेतलं, जुनी वही पाहिली, पुन्हा टेप लावली. "भाभी, पिछले साल मैंने गलत लिखा क्या? ये कपडा तो कम पडेगा." कापड मी नेहमीच्याच मापानं आणलं होतं. सुई रोज टोचत होते, पण विश्वास माझाच नव्हता. "आई, कमी का आणलंस?" मुलीनं विचारलं. मी उन्हात कापडवाल्याकडे परत गेले. आल्यावर टेलरला सांगितलं, "पुढच्या वर्षी उसवायला चार बोटं मुडप ठेवा." मुलगी आता माझ्या कानापर्यंत पोचते, त्याच्यावर काही गेली नाही. कापड मात्र मी अजूनही अर्धा मीटर जास्तच घेते आणि त्यावरून तिची बोलणी खाते.