कामण्णाच्या जागेवरचं स्टील

कुठल्याशा सरकारी खात्यानं आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्टीलची एक वस्तू उभी केली आहे. वस्तूच म्हणते मी. दुसरं काय म्हणावं ते तिच्या पाटीवरही नाही. वाकवलेले तीन पत्रे आणि वर एक गोळा. दुर्गदबैलच्या बाजाराला निघालेली माणसं तिला वळसा घालून जातात. खड्ड्यालाही तसाच घालतात.

ती कुरूप आहे म्हणून माझा जीव जळत नाही. दर होळीला त्याच जागी आमचा कामण्णा बसतो. लाकडाचा कामदेव, शेजारी त्याची रती. गाल लालभडक, डोळे वटारलेले, मिशा अशा की बघणाऱ्यानं आपल्या चाचपून पाहाव्यात. बायका त्याला मुलासाठी नवस बोलतात आणि पोरं हलगी बडवत त्याच्याच नावानं बोंब मारतात.

लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा मी चित्रकलेच्या दोन परीक्षा पास झालेली. नाक केवढं वर! कामण्णाला बघून म्हणाले, "शी, किती भडक!" त्याला शोभेलशी सौम्य रंगसंगती कागदावर काढून सासूबाईंना दाखवली. त्यांनी कागद लांब धरून पाहिला.

"छान गं. कावीळ झाल्यावर अस्साच दिसेल."

मी फुगून बसले. गाढवच होते. त्यातून प्रमाणपत्र मिळालेलं गाढव, म्हणजे घरादाराला ताप.

यंदा होळीच्या तोंडावर खात्याचे साहेब येऊन बजावून गेले, की इथं मांडव घालायचा नाही, शिल्पाला ओरखडे पडतील. ते पुन्हा आले तेव्हा गल्लीनं मला पुढं केलं.

"अज्जी, इद कला री," साहेब कानडीत म्हणाले, ही कला आहे. कला म्हणे! ती आता हे साहेब मला शिकवणार.

"असेल की. कशाची?"

"प्रगतीची झेप आहे, अज्जी."

"मग ओरखडा पडला तर झेपेतला कुठला आणि आमचा कुठला, हे ओळखणार कोण?"

साहेब हसले नाहीत.

"बरं, हे उभं केल्यापासून एकानं तरी याला शिवी दिली? आमच्या कामण्णाला सगळी गल्ली शिव्या घालते, नि मग त्याच्याच पाया पडते. ज्याच्याशी भांडावंसंही कुणाला वाटत नाही, ते भर रस्त्यात कशाला ठेवता?"

"वरून ऑर्डर आहे," एवढं बोलून ते गेले. दुसऱ्या दिवशी झेपेभोवती लोखंडी कठडा आला.

म्हणून आमच्या लोकांनी कठड्याला लागूनच दोन हातगाड्या जोडल्या, वर फळ्या टाकल्या आणि जोडप्याला बसवलं. कामण्णा स्टीलच्या गोळ्यापेक्षा हातभर उंच झाला.

संध्याकाळी साहेब तपासणीला आले. कठडा हलवून पाहिला आणि हलगी सुरू झाली तसे तिथंच उभे राहिले.

मी ओरडले, "साहेब, तुमची कला मागं आहे!"

ते वळले, पत्र्यांकडं पाहिलं, आणि पुन्हा कामण्णाकडं तोंड करून उभे राहिले.