मी सांगितलेली एकनाड

ही गोष्ट मी बारा वर्षं टाळली. टाळायला कारणं भरपूर मिळाली. आधी मुलाचं मन दुखेल म्हणून, मग बायकोची तब्येत बरी नव्हती म्हणून, आणि ती गेल्यावर आता कशाला उकरून काढायचं म्हणून. मला चौऱ्याहत्तरावं लागलं आहे आणि आता नवीन कारण सुचत नाही. नावं कुणाचीच लिहिणार नाही. लिहून झालं की कागद आधी मुलाच्या हातात देईन. त्याने छापू नका म्हटलं तर छापणार नाही. पण लिहिणार, हे ठरलं आहे.

मी पनवेलच्या एका शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवली. कबड्डीचे संघ तयार केले. आजही बाजारात कुणीतरी पोट सुटलेला माणूस वाकून नमस्कार करतो आणि सांगतो, सर, तुम्ही मला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या होत्या. अशा माणसाचा मुलगा दणकट असणार, हे मी धरूनच चाललो होतो. तो सव्वीस वर्षांचा झाला, तळोज्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागला, तरी कामावरून आला की बूट न काढता सोफ्यावर झोपायचा. दाढी दहा-बारा दिवसांतून एकदा केली तरी चालायची. दंड मऊ. मला ते आवडत नसे, आणि मी ते बोलून दाखवत असे.

"तुझ्या वयात मी शंभर जोर मारून शाळेत जायचो."

"बाबा, मागच्या महिन्यात ऐंशी होते. तुमचे जोर वाढतायत."

आई हसायची, तोही हसायचा. मी खारीक घातलेलं दूध, अश्वगंधा आणि कुणीतरी सांगितलेलं शिलाजीत त्याच्यासमोर ठेवायचो. तो मुकाट्याने घ्यायचा आणि परत झोपायचा.

शेवटी तो स्वतःच वाशीला हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं, काही दिवसांनी परत दिलं. दोन्ही वेळा टेस्टोस्टेरॉन फार कमी निघालं. मग डोक्याचा स्कॅन झाला. रिपोर्ट समजावून घ्यायला मीही सोबत गेलो. बाई म्हणाल्या, मेंदूच्या खाली एक छोटी ग्रंथी असते, ती हुकूम देते आणि मग शरीर हे हार्मोन तयार करतं. याच्या शरीरात तो हुकूमच कमी जातो. स्कॅनमध्ये घाबरण्यासारखं काही नाही.

मी विचारलं, "व्यायामाने वाढेल ना?"

"काका, डायबेटिसवाल्याची साखर तुम्ही जोर मारून बरी कराल का?"

दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायचं, मधून मधून रक्त तपासायचं. मूल हवं असेल तेव्हा हे इंजेक्शन थांबवून दुसरं औषध द्यावं लागतं, पुष्कळांना त्याने मूल होतं, पण खात्री मी देणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. परत येताना गाडीत मुलगा म्हणाला, "म्हणजे मी आळशी नव्हतो."

माझ्या तोंडून बाप म्हणून काहीतरी निघायला हवं होतं. मी म्हणालो, "हे घराबाहेर जाता कामा नये."

खांदा कॉलनीतल्या आमच्या नेहमीच्या दवाखान्यात तो इंजेक्शन घ्यायला जाऊ लागला. कुणी विचारलं तर बी-ट्वेल्व्हचं आहे असं मी सांगायचो. आमच्या घरात आठवड्यातून चार दिवस मासळी शिजते हे शेजारणीला वासावरूनच माहीत होतं. "एवढे मासे खाऊन बी-ट्वेल्व्ह कसं हो कमी पडतं?" असं तिने एकदा विचारलंही.

चार-पाच महिन्यांत मुलगा बदलला. संध्याकाळी जागा राहू लागला, रविवारी मित्रांबरोबर बॅडमिंटन खेळू लागला. आरशासमोर उभं राहून गालावरून हात फिरवायचा. त्याच सुमाराला विचुंब्याचं एक स्थळ आलं. आमच्याच समाजातलं. मुलगी फार्मसी शिकलेली, नवीन पनवेलच्या एका मेडिकलमध्ये कामाला. आमच्या गुरुजींनी पत्रिका बघितल्या, चोवीस गुण जुळले, दोष काही नाही. आम्ही मुलगी बघून आलो, मग दोघं खारघरला एकदा भेटली. दुसऱ्या भेटीला निघताना तो म्हणाला, "मी तिला सांगणार आहे."

"लग्न होऊ दे, मग सांग."

"मग ते सांगणं नाही होत बाबा. मग ती फसवणूक होते."

"तू डोक्यावर पडलायस का?"

"नाही. स्कॅनमध्ये आलं असतं ते," असं म्हणून तो गेला आणि तिला सगळं सांगून आला. तिने विचार करायला दोन दिवस मागितले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीच्या वडिलांचा फोन माझ्या मोबाईलवर आला. मुलगा कामावर, बायको बाजारात. मी घरी एकटाच होतो.

"सर, पोरगी हो म्हनते," ते म्हणाले. "तुमच्या पोराचं तिनी आमाला नीट समजावून सांगितलं. सुईचंच हाय ना? तिची आय धा वरसं थायरॉईडची गोळी खाते, मी तिला काय माघारी पाठवली?" आणि ते मोठ्याने हसले. "पोरगा खरं बोलला, आमाला आनखी काय पायजे? तुमी तारखेचं बघा."

त्या माणसाने एवढ्या मोकळेपणाने माझ्या मुलाला आपलं म्हटलं. मला मात्र त्यात फक्त 'आमाला' एवढंच ऐकू आलं. आई-बापाला कळलं, म्हणजे काकाला कळणार, मग भावकीला, मग विचुंब्यापासून पनवेलपर्यंतच्या माझ्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना. पी.टी.च्या सरांचा मुलगा असा. मी "कळवतो" म्हणालो. दोन दिवस घरात कुणाला काही बोललो नाही आणि तिसऱ्या दिवशी त्यांना फोन केला.

"दुसऱ्या गुरुजींना पत्रिका दाखवल्या," मी म्हणालो. "एकनाड निघाली."

दुसरे गुरुजी नव्हतेच. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मुलगा आणि मुलगी दोघांची नाडी एकच निघाली की ती एकनाड, आणि त्या जोडप्याला संततीचा त्रास होतो असं मानतात. आमच्याकडे स्थळ मोडायला एवढा एक शब्द पुरतो. कुणी वाद घालत नाही. मी तो म्हणूनच निवडला.

त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, संततीचा प्रश्न पत्रिकेत हाय का?"

मी फोन ठेवला.

संध्याकाळी मुलाला सांगितलं, "त्यांच्याकडून नकार आला."

"कारण?"

"सांगितलं नाही."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. त्याने बूट काढले, जागेवर ठेवले आणि आत गेला. ठरवून होणाऱ्या लग्नात एकदा नकार आला की परस्पर फोन करायचा नसतो, हे दोन्ही घरांत मुलांना शिकवलेलं होतं. त्या वळणावर मी विसंबलो होतो, आणि दोघांनीही ते पाळलं. बायको मात्र मरेपर्यंत त्या मुलीला नावं ठेवत राहिली. तिलाही मी खरं सांगितलं नाही.

मुलाने इंजेक्शन सोडलं. मला ते काही महिन्यांनी दवाखान्यातून कळलं. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "घेऊन कुणाला दाखवायचंय?" पुन्हा तो सोफ्यावर झोपू लागला. आणलेली स्थळं न बघताच परत पाठवू लागला. एकदा मी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला नवीन पनवेलच्या एका मेडिकलमध्ये शिरलो, तर काउंटरच्या मागे तीच मुलगी. मला ओळखून तिने गोळ्यांची पट्टी कापली, पिशवीत घातली आणि हळूच म्हणाली, "सर, ते इंजेक्शन वेळेवर घेतात ना? मध्येच सोडायचं नसतं ते."

"घेतो," मी म्हणालो. त्यानंतर त्या दुकानात गेलो नाही. पुढे तिचं लग्न उरणला झालं, एवढं कानावर आलं.

तीन वर्षांनी मुलगा जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरला. लहान मूल पडलं तर झटकून उठेल असं ते पडणं, पण त्याचं मनगट मोडलं. हाडांची तपासणी झाली. हाडं ठिसूळ झाली होती, साठीच्या माणसासारखी. वाशीच्या बाईंनी त्याला विचारलं, "एवढी वर्षं हार्मोन नाही म्हटल्यावर हाडं कशी टिकणार? इंजेक्शन बंद करायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," तो म्हणाला. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो.

तेव्हापासून तो नेमाने इंजेक्शन घेतो. आता अडतिसाचा आहे, खारघरला फ्लॅट घेतला आहे, एकटा राहतो. दर रविवारी जेवायला येतो. येताना बोंबील नाहीतर कोलंबी आणतो आणि स्वतः साफ करतो. गेल्या महिन्यात असाच कोलंबी सोलत होता. हात खराब म्हणून फोन ओट्यावर ठेवून स्पीकरवर बोलत होता. पलीकडे कारखान्यातला एक तरुण होता. त्याचंही टेस्टोस्टेरॉन कमी निघालं होतं, लग्न ठरत आलं होतं, आणि होणाऱ्या बायकोला सांगावं की नाही हे तो विचारत होता.

"औषध एक दिवस चुकवू नकोस," माझा मुलगा म्हणाला. "पण तिला सांगू नकोस. मी सांगून बघितलंय. चार दिवसांत नकार."

माझं खोटं आता तिसऱ्या घरात शिरत होतं, आणि ते माझा खरं बोलणारा मुलगा नेत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा करून विचुंब्याला गेलो. मुलीचे वडील आता थकले आहेत, पण मला बघून उठून उभे राहिले. मी बसण्याआधीच सांगितलं की एकनाड नव्हती, दुसरे गुरुजी नव्हते, मी घाबरलो होतो, मला माफ करा.

"मला तवाच समजलं होतं, सर," ते म्हणाले. "पोरीला बी. ती तिच्या घरी सुखात हाय. माजी माफी कशाला मागता? पोराला सांगितलंत का?"

"नाही."

"मग हितं काय करताय?" असं म्हणून त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

पुढच्या रविवारी मुलगा जेवला, भांडी विसळली, माझ्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून ठेवल्या. तो निघाला तसा मी त्याच्या मागे दोन जिने उतरलो. तो गाडीवर बसून हेल्मेट घालत होता. मी म्हणालो, "अरे, ऐक." त्याने हेल्मेट परत काढलं, गाडी बंद केली. "बोला बाबा. काय झालं? दुखतंय का कुठे?"

मी हँडलवर हात ठेवून उभा राहिलो. तो वाट बघत होता. "काही नाही, सावकाश जा," म्हणालो आणि वर येऊन हे लिहायला बसलो. मला एवढंच सांगायचं होतं: ती हो म्हणाली होती. नाही मी म्हणालो. तुझं इंजेक्शन सुटलं ते माझ्यामुळे, तुझं हाड मोडलं ते माझ्यामुळे. तू तिला खरं सांगितलंस, त्यात तुझं काहीही चुकलं नव्हतं. मला माफ कर.