आबांच्या गाडीचं मागचं दार

पॅडवर काळा रंग आला आणि मी मशीनचं बटण बंद केलं.

पॉलिशिंग करताना मशीनला लावलेलं स्पंजचं पॅड पांढरटच राहायला पाहिजे. आजकालच्या गाड्यांच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची चमक ही खरं तर त्या थराची. पॉलिश करणं म्हणजे तोच थर अगदी किंचित घासून सपाट करणं. हा थर वहीच्या कागदापेक्षा पातळ असतो. पॅडवर गाडीचा रंग दिसला, याचा अर्थ थर संपला आणि खालचा रंग निघायला लागला. एकदा गेलेला थर पॉलिशनं परत येत नाही.

आबा माझ्या मागंच उभे होते. म्हणाले, "का थांबलास? जाऊन राहिला की ओरखडा."

त्यांना आदल्या दिवसापर्यंत मी ओळखतही नव्हतो. लातुरात औसा रोडला माझं पत्र्याचं शेड आहे. तेव्हा दुकान टाकून जेमतेम तीन महिने झाले होते. त्याआधी आठ वर्षं मी एका शोरूमला गाड्या धुवायच्या कामावर होतो. धुणं-पुसणं डोळे मिटून जमायचं. मशीन मात्र नवं होतं. पुण्याला जाऊन पंधरा दिवस शिकलो होतो आणि भंगारातल्या एका बॉनेटवर महिनाभर हात बसवला होता.

आबा औशाचे. एसटीचे रिटायर ड्रायव्हर. बायको वारलेली, घरात एकटेच. सकाळी सकाळी गाडी आली ती शेजारच्या माणसानं चालवत आणली आणि आबा बाजूच्या सीटवरून उतरले. काळी हॅचबॅक. लांबून एकदम स्वच्छ.

"पोरीची हाय," ते म्हणाले. "वैशालीची. नर्स हाय ती, जर्मनीत. पहिल्या पगारातनं हप्ता भरून घेतली अन् वर्षभरात तिकडं गेली. चार वर्षांनी येऊन राहिली, येत्या रविवारी. ती ठेवून गेली तशी दिसली पाहिजे."

मी गाडी शेडमध्ये घेतली आणि टॉर्च लावला. काळ्या रंगावर टॉर्च मारला की सगळं खरं दिसतं. बॉनेट, छप्पर, दारं, सगळीकडं कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा होत्या. आमच्या धंद्यात त्यांना स्वर्ल म्हणतात.

"आबा, गाडी कशानं पुसता?"

"जुन्या धोतराचं फडकं हाय. लई मऊ. रोज सकाळी चहाच्या आधी पुसतो. चार वर्षांत एक दिवस खाडा न्हाई."

"पाणी मारून?"

"न्हाई, कोरडंच. रोज कुठं धुवायची?"

मला सांगणं जड गेलं. पण न सांगता पॉलिश केलं असतं तर महिन्याभरात परत तेच झालं असतं. मी म्हणालो, "आबा, धूळ म्हणजे बारीक वाळू. कोरडं कापड फिरवलं की ती वाळूच रंगावर फिरते. ह्या रेघा त्याच्या आहेत."

ते बॉनेटजवळ वाकले. टॉर्चच्या उजेडात बराच वेळ बघत राहिले.

"म्हंजे मीच केलंय की हे."

"सगळेच करतात, आबा. निघेल हे."

"तिची गाडी पुसली की जरा बरं वाटायचं," ते म्हणाले आणि बाकड्यावर जाऊन बसले.

हे मला कळत होतं. माझी बायको माहूरकडं जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. महिन्यातून दोनदा भेट होते. ती गेली की तिचा चहाचा कप मी दोन दिवस धूत नाही. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पहिला दिवस धुण्यात गेला. दोन बादल्या, एक साबणाची आणि एक हातमोजा खळबळायची. त्यानंतर क्ले, म्हणजे मातीच्या वडीसारखा चिकट गोळा. तो ओल्या रंगावरून फिरवला की रुतलेली घाण ओढून काढतो. मग रबर, हँडल आणि सगळ्या कडांना कागदी टेप लावली. कडेवर थर सगळ्यात पातळ असतो, मशीन तिथं जाऊच द्यायचं नाही. आधी हातभर जागेवर करून बघितलं. सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात बारीक पॉलिश. तेवढ्यानं जमलं तर जास्त कडक काही वापरायचं नाही. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन गाडीवर टेकवूनच चालू करायचं, नाहीतर पॉलिश भिंतीवर उडतं. पॅड सपाट ठेवायचं, हात सावकाश सरकवायचा, आधी आडवा, मग उभा. जोर द्यायचा नाही. मशीनचं वजन पुरतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बॉनेट, छप्पर आणि उजवी बाजू झाली. काळा रंग विहिरीच्या पाण्यासारखा दिसायला लागला. आबा सकाळच्या बसनं आले होते. बॉनेटमध्ये त्यांना स्वतःचं तोंड दिसलं तसे ते हसले. मग मला हाताला धरून डाव्या मागच्या दाराकडं घेऊन गेले.

"तेवढं एक घालव, दत्ता."

दारावर वीतभर ओरखडा होता. मी त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. नख अडकलं की ओरखडा खोल, तो पॉलिशनं जात नाही. पुण्यात पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं.

"आबा, हा नाही जाणार. रंगवावा लागेल."

"कमी तर होईल?"

"झाला कशानं?"

ते जरा थांबले. "तिला हैदराबादला विमानावर सोडलं. रात्रभर गाडी चालवून घरी आलो. अन् आत घेताना गेटला घासली. बत्तीस वर्षं एसटी चालवली मी, घाटातनं, पावसातनं. कधी खरचटली न्हाई. त्या दिवशी ते गेट जाग्यावर नव्हतं." मग हळूच म्हणाले, "तवापासून स्टेरिंगला हात लावला न्हाई मी. तिला सांगितलेलं न्हाई. बघितलं तर म्हणेल, आबाला आता जमत न्हाई."

इथं मी चुकलो. ओरखडा दाराच्या मधल्या उंचवट्यावरून गेला होता. त्या उंचवट्यालाही टेप होती, ती मी काढली. मऊ पॅड उतरवून कडक लावलं, कंपाउंड घेतलं, जे पॉलिशपेक्षा खरखरीत असतं. आबा खांद्याशी उभे राहून म्हणत होते, "जातंय बघ, जातंय." मला खरंच वाटायला लागलं की जातंय. मी पॅड तिरकं केलं. जोर दिला. पत्रा तापला. हात लावून बघायला पाहिजे होतं, बघितलं नाही.

आणि पॅडवर काळा रंग आला.

पुसून बघितलं तर ओरखडा होताच. त्याच्या शेजारी आता रुपयाएवढा मळकट, निस्तेज डाग होता.

"आबा, माझ्याकडून थर जाळला गेला. आता दार रंगवावंच लागेल. रंगवायचा खर्च माझा."

"रविवारपर्यंत होईल?"

उद्या शनिवार होता. घाईत रंगवलं असतं तर रंगाची छटा जुळली नसती. काळ्या गाडीला एक दार वेगळं दिसलं की ते सगळ्यांनाच दिसतं. मी तसं स्पष्ट सांगितलं. मला वाटलं, आता शिव्या बसणार. आबा दारावर हात ठेवून उभे राहिले.

"राहू दे मग. बाकीची चमकव."

मी उरलेली गाडी जीव लावून केली. शेवटी मेण. ते अगदी पातळ लावायचं. धुरकट झालं की पुसायचं. जाड लावलं म्हणून चमक वाढत नाही, फक्त पुसताना हात दुखतात. शनिवारी शेजारचा माणूस येऊन गाडी घेऊन गेला. रविवारी दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं.

मंगळवारी काळी गाडी दुकानासमोर थांबली. स्टेअरिंगवर आबा होते. शेजारून वैशाली उतरली.

"तुम्हीच दत्ताभाऊ का? दार बघायला आलो. कुणाकडं रंगवायचं ते सांगा."

मी माफी मागायला लागलो तर ती हसली. "अहो, तो ओरखडा मला चार वर्षांपासून माहीत आहे. व्हिडिओ कॉल केला की आबा गाडी दाखवायचे, आणि स्वतः कायम त्याच दाराला टेकून उभे. एकदा फोन खाली ठेवायला वाकले तेव्हा दिसला."

"मग सांगायचं न्हाईस का?" आबा म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही दाराला टेकून उभे राहिला असता का? तुम्ही तिथं उभे दिसलात की मला घर दिसायचं." ती टेपचा रोल हातात घेऊन उगाच उलगडत बसली. मग आबांकडं न बघता म्हणाली, "लातूरच्या स्टेशनवर मला न्यायला आबा शेजारच्या काकांना घेऊन आले. मी चावी आबांच्या हातात दिली. म्हटलं, मी दमलीये, तुम्हीच चालवा."

दार पुढच्या आठवड्यात ओळखीच्या पेंटरकडं नीट रंगवून घेतलं. नव्या रंगाला महिनाभर मेण लावायचं नसतं, रंग आतून वाळायचा असतो. महिना झाला तोवर वैशाली परत गेली होती. हैदराबादला आबाच सोडून आले. मेण लावायला औशाहून एकटेच गाडी चालवत आले. मी दार करत होतो तेव्हा बाकड्यावर बसून म्हणाले, "लई शांत वाटतं रे घरात." मी दारावरचं मेण पुसत राहिलो.

आता माझ्याकडं कामाला नवीन माणूस आला की मी त्याला पॅड, पॉलिश, टेप सगळं शिकवतो. पण सगळ्यात आधी एक सांगतो. मशीन हातात असेपर्यंत गाडीच्या मालकाला समोरच्या हॉटेलात चहाला पाठवायचं. तो खांद्याशी उभा राहिला की हाताला जोर येतो, आणि काळ्या गाडीला जोर चालत नाही.