पायाळूची पाठ

२२ नोव्हेंबर १९६५, सोमवार. सहामाहीचे भूगोलाचे पेपर तपासायचे राहिले होते, म्हणून ते पिशवीत घालून बुलढाण्याच्या दवाखान्यात आणले होते. एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर बसून अकरावा पेपर तपासत होते. त्या मुलीने पूर्णा नदी जिल्ह्याच्या दक्षिणेला नेऊन ठेवली होती. तिथे लाल खूण केली आणि आतून माझं नाव पुकारलं गेलं.

डॉक्टरांनी माझ्या पाठीचा फोटो खिडकीच्या उजेडाला धरला.

"हे मणके बघा, विटांसारखे चौकोनी आहेत. आणि हे दोन बघा. पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखे झालेत. याला कॉम्प्रेशन फ्रॅक्चर म्हणतात. मणका आपल्याच वजनाखाली चेपला जातो."

फ्रॅक्चर म्हणजे मोडणं, एवढं मला माहीत होतं. पण मी कुठे पडले नव्हते. तसं सांगितलं.

"पडायची गरज नाही. तुम्हाला ऑस्टिओपोरोसिस आहे. हाडाचा आकार तोच राहतो, आतला चुना कमी होतो, हाड विरळ होतं. मग बादली उचलली तरी पुरते. वय काय?"

"बावन्न."

"पाळी थांबून किती वर्षं झाली?"

"सहा."

त्यांनी मान हलवली. पाळी थांबल्यावर बऱ्याच बायकांची हाडं अशी होतात, म्हणाले. मग विचारलं, "दुखायला लागल्यापासून काय काय केलंत?"

मी काय काय केलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण माझ्यासारखंच करणाऱ्या बायका आपल्या भागात पुष्कळ आहेत.

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी आले. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, हा आपल्याकडचा जुना उपाय. बाकीचे पायाळू रविवारी सकाळी पाठीला तीनदा हलका पाय लावतात आणि मोकळे होतात. मला कोणतंही काम अर्धवट केलेलं चालत नाही. मी पोतं अंथरायची, माणसाला पालथं झोपवायची, भिंतीला हात टेकून टाच बरोबर दुखऱ्या जागी ठेवायची आणि अंगाचं वजन द्यायची. 'कट' असा आवाज आला की काम झालं. तो आवाज ऐकून दुखणारा खूश व्हायचा आणि मीही.

शाळेत भूगोलाबरोबर सामान्य विज्ञानही शिकवणारी बाई हे का करत होती, असं कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. अठरा वर्षांपूर्वी मी उंद्रीला मास्तरीण म्हणून आले, तेव्हा विधवा होते. मूलबाळ नाही, गावात नातं नाही. रविवारी माझं दार वाजायला काही कारणच नव्हतं. मी पायाळू आहे हे कळलं आणि दार वाजायला लागलं.

माझं दुखणं सुरू झालं दसऱ्याच्या आधी. मोरीतून पाण्याची बादली उचलली आणि पाठीच्या मधोमध खिळा ठोकल्यासारखं झालं. बसता येईना, खोकता येईना. त्याआधी वर्षभर लुगडं जमिनीला घासत होतं. नेसण्यात काही चुकतंय असं मी समजत होते. फडताळातला वरचा डबा हाताला येईनासा झाला, तेव्हा चौरंग घेतला. माणूस बुटका होतो आहे, हे मनातही आलं नाही. वाचणाऱ्या बायकांनी एवढं जरूर लक्षात ठेवावं. लुगडं लांब झालं असं वाटलं, तर आधी भिंतीला टेकून उंची मोजावी.

मीही त्याला उसणच म्हटलं. शेजारची वच्छला म्हणाली, "बाई, साऱ्या गावाले पाय देता. आता सोताच्या पाठीले कसा लावान?" गावात दुसरी पायाळू म्हणजे शिंप्याची सून शांती. मी तिला बोलावलं, पोतं अंथरलं, पालथी झाले. तिने हलका पाय लावला. मी म्हटलं, "असं नाही. जोरात दे. उभी राहा." ती बिचारी घाबरत उभी राहिली. 'कट' झालं. त्यानंतरचं मला आठवत नाही. तोंडावर पाणी मारलं तेव्हा जाग आली.

हे सगळं डॉक्टरांनी ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत. फोटो पाकिटात घालत म्हणाले, "एक मणका बादलीने गेला असेल. दुसरा तुम्ही स्वतः मोडून घेतलात."

मला दाखल करून घेतलं. सिस्टरने कागद भरताना विचारलं, "सोबत कोण?" कोणी नाही म्हटलं. "जवळचा नातेवाईक?" मी मुख्याध्यापकांचं नाव दिलं. त्यांना ते अजून माहीत नाही.

नऊ दिवस मी फळीवर उताणी होते. गादी नाही, उशी नाही. भांडं मागायची दोन दिवस लाज वाटली, तिसऱ्या दिवशी ती गेली. बाकी बायकांच्या खाटांखाली त्यांची माणसं झोपायची, डबे वाजायचे, भांडणं व्हायची. माझ्या खाटेखाली माझ्या चपला होत्या. उताण्या माणसाला फक्त छत दिसतं आणि आवाज ऐकू येतात. भेटायची वेळ चार ते सहा. त्या दोन तासांत मी डोळे मिटून घ्यायची, म्हणजे आजूबाजूच्यांना माझ्याशी बोलायची भीड पडायची नाही.

पडल्यापडल्या एकच गोष्ट डोक्यात फिरायची. अठरा वर्षांत किती पाठींवर मी उभी राहिले? तरुण गड्यांची मला काळजी नव्हती. मला आठवायची कौतिकामाय.

कौतिकामाय माळीणबाई. गावाच्या कडेला तिचा भाजीचा मळा आहे. वय सत्तरीचं. दोन वर्षांपूर्वी टोपलं उचलताना तिच्या पाठीत चमक भरली आणि ती माझ्याकडे आली. मी नेहमीसारखं वजन दिलं. आवाज आला आणि त्यासोबत ती ओरडलीही. नंतर उठून चालत घरी गेली. त्या हिवाळ्यापासून ती वाकली ती वाकलीच. गाव म्हणालं, वय झालं. मीही तेच म्हणाले.

पाचव्या दिवशी डॉक्टर फेरीवर आले, तेव्हा मी विचारलं. तिचा मणका माझ्या पायाने मोडला असेल का?

"फोटो काढल्याशिवाय कसं सांगू? तिची हाडं आधीच तशी असतील. पण म्हाताऱ्या बाईच्या पाठीवर उभं राहायचं नाही, एवढं आत्ताच सांगतो."

घरी सोडताना एक पट्टा दिला. कॅनव्हासचा, आत पोलादी पट्ट्या शिवलेला. त्याला कॉर्सेट म्हणतात. पाठ सरळ धरून ठेवणं एवढंच त्याचं काम. शिवाय कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. त्या चावल्या की खडूसारख्या लागतात. रोज दूध, सकाळचं ऊन, आणि उठायला लागल्यावर चालणं. वजन उचलायचं नाही, कमरेत वाकायचं नाही, खाली काही पडलं तर गुडघे मोडून घ्यायचं. गेलेला मणका परत चौकोनी होत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाकीचे सांभाळायचे.

घरी सहा आठवडे मी खाटेवर फळी टाकून पडून राहिले. वच्छला दोन वेळा भाकरी आणून द्यायची. तिला तिचं घर होतं, ताट ठेवून ती निघायची. मुख्याध्यापक एकदा आले, रजेच्या अर्जावर सही घेऊन गेले. पहिल्या दोन रविवारी लोक आले. मी आतूनच सांगितलं, आता पाय देणार नाही. तिसऱ्या रविवारी कोणी आलं नाही. त्या सकाळी अकरापर्यंत मी दाराकडे कान लावून होते. नंतरच्या रविवारी ते सोडून दिलं.

येत राहिली फक्त कौतिकामाय. चार-पाच दिवसांनी काठी टेकत यायची, मेथीची जुडी नाहीतर वांगी ठेवायची, उंबऱ्यात बसून मळ्यातलं, सुनेचं, गावातलं सांगायची. "तुमच्या पायानं मी त्या साली उठली, बाई. मी इसरत नाही," असं दर खेपेला म्हणायची. मी मान हलवायची. मी तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उंबऱ्यात बसणारं एक माणूस होतं, तेही गेलं असतं. हे कारण चांगलं नाही, पण खरं तेच आहे.

संक्रांतीनंतर मी पट्टा बांधून घरात चालायला लागले. एका संध्याकाळी ती आली.

"उठल्या का बाई?"

"उठले."

"मंग रविवारी पह्यला नंबर माहा. पाठ लय दुखून राह्यली. टोपलं उचलवत नाही."

"मी पाय द्यायचं सोडलं, कौतिकामाय."

"काऊन? मोडली तुमची पाठ. पाय त चांगला हाये."

मला हसू आलं. पट्ट्यात हसलं की दुखतं.

"डॉक्टरांनी मना केलंय."

"डाक्टर काय पायाळू हाये का?" ती काठीवर भार देऊन उठली. "राहू द्या. तुमाले जमत नसन त मी शांतीकडं जातो. तिची टाच हलकी हाये म्हन्तेत. मी सांगन तिले, बाईवानी वजन दे म्हून."

ती गेली. रविवार दोन दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा बांधला, माझ्या पाठीचा फोटो पिशवीत घातला आणि निघाले. वाटेत शांतीच्या दारात थांबून तिला सांगितलं की कोणाच्याही पाठीवर उभी राहू नकोस. ती म्हणाली, "मले त तुमीच म्हनलं होतं, जोरात दे म्हून." हो म्हटलं आणि पुढे गेले.

कौतिकामाय मळ्याच्या तोंडाशी बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. मी तिच्यासमोर दगडावर बसले. फोटो उजेडाला धरून दबलेले मणके दाखवले. यातला एक शांतीच्या पायाने मोडला आणि मीच तिला तसं करायला लावलं होतं, हे सांगितलं. मग म्हटलं, दोन वर्षांपूर्वी माझ्या पायाने तुझंही असंच झालं असेल. नक्की माहीत नाही, फोटो काढला तर कळेल. पण शांतीकडे जाऊ नकोस. आज माझ्याबरोबर बुलढाण्याला चल.

तिने मान पुढे करून फोटो पाहिला.

"तवा तुमाले मालूम होतं?"

"नव्हतं."

"आन आता मालूम होऊन किती रोज झाले?"

"दोन महिने."

तिने हातातली जुडी बांधून पूर्ण केली. आणखी एक बांधली. सुनेला हाक मारून टोपलं तिच्या पुढ्यात सरकवलं.

"मोटार किती वाजता हाये?"

"साडेआठला."

तिने लुगडं बदललं. वाटेने मी सांगत गेले की मोटारीत मागे बसायचं नाही, खड्डा आला की पुढची दांडी दोन्ही हातांनी धरायची. मोटार आली. मी आधी चढून शेजारची जागा पिशवी ठेवून धरली. ती माझ्या बाकाशी थांबली नाही. एक बाक सोडून पुढे एकटी बसली आणि दोन्ही हातांनी दांडी धरली.