अर्धी क्लिप

धनगराच्या घरातली पहिली नोकरदार सून म्हणून सासू हरणाबाई वाडीभर मोनिकाचं कौतुक सांगायची. कळंबच्या एका सहकारी संस्थेत मोनिका कॉम्प्युटरवर होती. तिथला चेअरमन जिल्हा परिषदेचा माजी सदस्य होता आणि त्याला आमदारकीचे डोहाळे लागले होते. उन्हाळ्यात एके दिवशी त्यानं तिला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाला, "मोनिकाबाई, तुम्हाला कायम केलं बरं का."

मोनिका हसली. मनापासून हसली. तेवढ्यात त्यानं तिचा हात धरून तिला जवळ ओढलं. टेबलावर त्याचा चहा वाफाळत होता. तिनं कप उचलला आणि त्याच्या तोंडावर फेकला.

पुढं कितीतरी दिवस चेअरमन भर उन्हात भाजलेल्या गळ्याला उपरणं गुंडाळून फिरत होता. मोनिका घरी काही बोलली नाही. चहानं मिटलं, असं तिला वाटलं. तोही तिच्या वाटेला गेला नाही.

संस्थेची निवडणूक लागली आणि केबिनच्या कॅमेऱ्यातलं ते चित्रण विरोधी पॅनेलच्या हाती पडलं. त्यांनी ते धनाजीला दिलं. धनाजी म्हणजे मोनिकाच्या नवऱ्याचा, सिदूचा, आतेभाऊ. मोबाईलवर बातम्यांचं चॅनेल चालवायचा, तालुक्यात घरोघरी बघितलं जायचं ते. 'कळंबच्या कोणत्या नेत्याच्या केबिनमध्ये रंगले चाळे?' या मथळ्याखाली त्यानं क्लिप सोडली. मोनिका हसते, नेता हात धरतो, जवळ ओढतो. संपलं. नेत्याचा चेहरा पुसट केला होता. मोनिकाचा स्वच्छ दिसत होता.

मोनिकाला ती दाखवली सिदूनं. तो एका शाळेत शिपाई होता, मास्तर लोकांनी त्याला बोलावून दाखवली होती. तिनं सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "माझा इस्वास हाय तुझ्यावर. पर आता काय दिवस भाईर निघू नको."

ती दुसऱ्या दिवशीच बाहेर पडली आणि थेट धनाजीच्या ऑफिसात गेली.

"भावजी, पुढचं कुठाय?"

धनाजीनं तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग दार लावून कॉम्प्युटरवर पूर्ण चित्रण लावलं. कप उडाला, चेअरमन बोंबलत मागं सरकला, मोनिका दार आपटून गेली. तिनं सुटकेचा सुस्कारा टाकला.

"मग हे का न्हाय लावलं?"

"वहिनी, वकिलाला इचारूनच केलंय मी. पूर्ण लावलं तर ते विनयभंग होतंय. म्हंजे सायबावर गुन्हा, अन् आरोप शाबीत करायची जोखीम माझ्यावर. तेंचा चेहरा दावला तर मानहानीचा दावा. अर्धं लावलं की नुस्ती भानगड ऱ्हाती. भानगडीवर कुणी कोर्टात जात न्हाय."

"अन् माझा चेहरा?"

धनाजीनं चित्रण बंद केलं. मग म्हणाला, "तुमी काय दावा करणार हाव व्हय?"

हे तो खिजवून बोलला नाही. ती दावा करणार नाही, असं त्याला खरंच वाटत होतं.

मोनिका ठाण्यात गेली. पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली, धनाजीचा कॉम्प्युटर जप्त झाला. त्यात अर्धीच क्लिप निघाली. 'मला एवढीच मिळाली, कुणी दिली ते पत्रकार म्हणून सांगणार नाही,' असा जबाब त्यानं दिला. संस्थेच्या कॅमेऱ्यातलं जुनं चित्रण आपोआप पुसलं गेलेलं होतं. बाईची ओळख उघड केली म्हणून गुन्हा लावा, असं मोनिकानं म्हटल्यावर तिच्या वकीलबाई, तारामती, चष्मा काढून म्हणाल्या, "ते कलम बलात्कारासारख्या गुन्ह्यांना लागतं. तुझं त्यात बसत नाही. त्यानं केलं ते वाईट, पण वाईट आणि गुन्हा यात फार अंतर असतं, मोनिका. तरी आपण बदनामीची फिर्याद टाकू."

इकडं चेअरमननं धनाजीला नोटीस धाडली. चेहरा पुसट असला तरी हातातलं सोन्याचं कडं सगळ्या तालुक्यानं ओळखलं होतं. धनाजीनं क्लिप काढून टाकली आणि कॅमेऱ्यासमोर हात जोडले. "आमच्यामुळं माननीय चेअरमन साहेबांना जो मनस्ताप झाला, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत." साहेबांना. मोनिकाचं नावही घेतलं नाही.

संस्थेनं तिला 'संस्थेची बदनामी झाली' म्हणून काढून टाकलं. दोन्ही पॅनेलांनी जागा वाटून घेतल्या आणि निवडणूक बिनविरोध झाली. गुलालाचं थेट प्रक्षेपण धनाजीनंच केलं.

फिर्यादीत मोनिकाची उलटतपासणी झाली, तेव्हा क्लिप कोर्टात लावली. धनाजीचा वकील सौम्य बोलायचा.

"चित्रात तुम्ही हसताय?"

"मला कायम केलं म्हणून..."

"हसलात की नाही, एवढंच सांगा."

"हसले."

"यात आमच्या अशिलानं काही जोडलंय? जे घडलं नाही असं काही दिसतंय?"

तिनं पडद्याकडं बघितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. "न्हाय," ती म्हणाली. वकील खाली बसला.

त्या महिन्यात धाकट्या दिराची सोयरीक माकणी गावच्या एका घरी ठरत होती. पोरीकडचे बघायला यायच्या आदल्या दिवशी हरणाबाई तिच्याशेजारी येऊन टेकली. समोरच्या शेरडांना पाला टाकला.

"मोनिका, उद्या तू शेरडं घिऊन माळावर जा. पाव्हणे गेल्याबिगर येऊ नको."

"आत्या, तुमीबी?"

"म्या काय म्हणते का तू वंगाळ हायीस? पर तेंच्याबी मोबाईलवर आसंल ते."

सिदू उंबऱ्यात बसून पायातला काटा काढत राहिला.

मोनिका शेरडं घेऊन गेली. माळावरून घरासमोरच्या गाड्या दिसत होत्या. धनाजीही आला होता, आतेभाऊ म्हणून. पाव्हण्यांना ओवाळून झाल्यावर त्यानंच सगळ्यांचे फोटो काढले, आणि हरणाबाईनं त्याला आग्रह करून जेवायला थांबवून घेतलं.

पुढची तारीख सोमवारी होती. कोर्टाला जायच्या साडीला धूळ लागू नये म्हणून मोनिकानं ती आदल्या रात्रीच खुंटीवरून उतरवून, घडी घालून पेटीत ठेवली होती. सकाळी सिदू म्हणाला, "आता बास कर की."

ती एसटीला निघून गेली. कोर्टात कळलं, जज्जसाहेब रजेवर आहेत.