पूजेतली स्टेपनी

“स्टेपनी आहे, भिऊ नका!” हे आमच्या मामांचं ठरलेलं वाक्य. लिफ्ट बंद पडो, पाण्याचा टँकर न येवो, मामा जिन्यात उभे राहून सगळ्यांना हेच सांगायचे. मामा नात्याचे नव्हेत, शेजारचे; तमिळ मुलखात, पेरुंगुडीत ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. बँकेतून निवृत्त, बायको गेलेली, मूळचे तंजावरचे मराठी. मी सोलापूरची. अख्ख्या बिल्डिंगमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे भांडायलाही आम्हीच.

त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेलातली. “ही भाषा बोलायला आता मी नि तंजावरची अक्का, दोघंच उरलो,” म्हणायचे. आई लवकर गेली, मामांना वाढवलं ते या थोरल्या बहिणीनं.

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, मामा आपल्या गाडीच्या डिकीतून स्टेपनी काढायचे. धुवायची, चंदन-कुंकू लावायचं, हार घालायचा आणि परत डिकीत. रस्त्याला ती कधी लागलीच नव्हती.

“मामा, हवा तरी बघून घ्या हो तिची.”

“पूजेतल्या वस्तूला पंक्चरवाल्याचा हात? काय बोलता, अम्मा!”

आता बोला!

एका सकाळी अक्कांच्या सुनेचा फोन आला. अक्का शेवटच्या घटका मोजताहेत, सारखं तुमचंच नाव घेताहेत, लगेच निघा. रेल्वेचं तिकीट मिळेना. मामांनी गाडी काढली, पण चष्मा डोळ्यांवर असून तो खिशात शोधत होते. एकट्याला कसं सोडायचं? मला गाडी चालवता येत नाही, तरी शेजारी जाऊन बसले.

अर्ध्या वाटेवर, विलुप्पुरमच्या पुढे टायर बसला. भर दुपारचं ऊन, सावलीला एक झाड नाही. मामांनी घामाघूम होऊन स्टेपनी चढवली. जॅक उतरवला आणि स्टेपनी जमिनीला चपटी झाली. वर्षानुवर्षं पडून रबराला भेगा पडल्या होत्या, भेगांत कुंकू भरलेलं.

मी रस्त्यावर हात दाखवत उभी. एक बस थांबेल तर शपथ! पंक्चरवाला फोनवर नुसता “आलो, आलो” करत होता. मला अक्षरशः रडू फुटलं. मामांनी पायपंप लावला. ते हवा भरत होते आणि ती सुस्स करून बाहेर येत होती.

“मामा, नका हो. नाही राहायची ती हवा.”

“राहील. अक्का वाट बघते आहे, अम्मा. राहील.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मामा पंप सोडेनात, म्हणून मी उचलला. सून रडत होती. अक्का गेल्या होत्या. कुठल्या तोंडानं सांगायचं? पण माझा चेहरा बघूनच मामांना कळलं. त्यांनी पंपावरचा पाय काढला. खांद्यावरचा पंचा कडेच्या दगडावर अंथरला आणि मला म्हणाले, “बसा अम्मा. केव्हाच्या उन्हात उभ्या आहात. आता घाई कसली?”